अंगाला लावायची राकिया

लष्कराच्या वैद्यकीय तपासणीला जेमतेम पंधरा तास उरले होते आणि वेलिबोर शिंकला.

शिंक एकच होती आणि तीही सर्दीची नव्हती. सप्टेंबर महिना, क्रुशित्सा गावातल्या यच्चयावत अंगणांत चुली पेटलेल्या, लाल मिरच्या भाजून, सोलून, शिजवून वर्षभराचं आय्वार बरण्यांत भरायची घाई. दिवसभर तो धूर नाकात गेल्यावर घोडासुद्धा शिंकेल. पण पातेल्यात फिरणारा देसांकाबाईंचा पळा जागीच थांबला.

"बसलास ना वाऱ्याच्या झोतात," त्या म्हणाल्या.

"आई, मिरचीचा धूर आहे."

"धूर सगळ्यांच्याच नाकात जातोय. शिंकलास तू एकटा."

समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या की मधून जो वारा वाहतो, त्याच्याशी आमच्याकडच्या आयांचं पिढीजात वैर आहे. त्यांच्या हिशेबी माणसं थोडी लढाईत मरतात, थोडी म्हातारपणाने मरतात, आणि बाकीची सगळी या झोताने मरतात. डॉक्टर काही का म्हणेनात.

एरवी वेलिबोरने ऐकून घेतलं असतं. गेली एकोणतीस वर्षं तो ऐकूनच घेत होता. पण उद्याची गोष्ट वेगळी होती. येत्या सोमवारी त्याला तीस पूर्ण होत होती, आणि तिशी झाली की स्वखुशीने सहा महिन्यांसाठी लष्करात जाणाऱ्याचा अर्ज कचेरीत कुणी हातात धरत नाही. दर वसंतात तो "यंदा अर्ज करतो" म्हणायचा आणि दर हिवाळ्यात फरश्यांच्या दुकानात फरश्या मोजताना दिसायचा. यंदा मात्र त्याने खरोखरच मनावर घेतलं. अर्ज भरला, आपल्यावर कुठला खटला नाही असा कोर्टाचा कागद आणला, जन्माचा दाखला दिला. कचेरीतला हवालदार म्हणाला, हा दाखला जुना आहे, सहा महिन्यांच्या आतला हवा. सहा महिन्यांत माणसाचा जन्म कुठे इकडचा तिकडे होतो, हे वेलिबोरने विचारलं नाही. गुपचूप जाऊन ताजा दाखला आणला. आता राहिली होती फक्त तपासणी, ती गुरुवारी, म्हणजे उद्या. त्यापुढची मंगळवारी. मंगळवारी वेलिबोर म्हातारा झालेला असणार.

आता त्याला लष्करातच का जायचं होतं? देशभक्ती वगैरे होतीच थोडीफार, नाही असं नाही. पण खरं कारण त्या पातेल्यापाशी पळा धरून उभं होतं. देसांकाबाई दुकानात फोन करून मालकाला विचारायच्या की वेल्या जेवला का. मालक ते सगळ्या गिऱ्हाइकांदेखत ओरडून विचारायचा. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावची एक मुलगी घरी कॉफीला आली होती, वेलिबोरला आवडलीही होती. ती समोर बसलेली असताना देसांकाबाईंनी मागून त्याचा सदरा वर करून बनियन नीट खोचलंय की नाही ते पाहिलं. मुलीने कॉफी संपवली, आभार मानले आणि परत कधी तोंड दाखवलं नाही. तेव्हापासून वेलिबोरच्या मनाने घेतलं होतं की जिथे माणसाला हुकूम देतात पण थंडी वाजते का विचारत नाहीत, अशी जागा जगात एकच आहे.

तर तो शिंकला, आणि देसांकाबाईंनी पातेलं चुलीवरून उतरवलं. आय्वार अर्धवट असताना पातेलं उतरवणं म्हणजे आमच्या गावात घराला आग लागल्यासारखंच.

"उद्या तिथे शिंकलास तर परत पाठवतील," त्या म्हणाल्या. "चल आत. राकिया लावते."

राकिया म्हणजे आमची घरोघर गाळलेली फळांची दारू. ती पितात हे जगाला ठाऊक आहे. पण ताप आला, कणकण आली, की ती अंगाला चोळतात, मोजे तिच्यात भिजवून पायात घालतात आणि माणसाला तीन गोधड्यांखाली दाबतात, हे आमच्या आयांना ठाऊक आहे. वेलिबोर घाबरला. उद्या डॉक्टर तपासणार, एक थेंबही नको, असं तो म्हणाला. त्यावर देसांकाबाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की जणू याला वीस वर्षं शाळेत फुकट पाठवलं.

"तुला प्यायला कोण देतंय? लावायची आहे. कातडीला काय तोंड असतं?"

हे ऐकून वेलिबोरलाही पटलं, आणि इथेच त्याचं चुकलं.

देसांकाबाईंनी कपाटाच्या तळातून जी बाटली काढली ती पाहून मात्र खाटेवर आडवा झालेला वेलिबोर उठूनच बसला. ती त्याच्या वडिलांची होती. वेलिबोर वीस वर्षांचा झाला त्या साली वडिलांनी आलुबुखाराची ती राकिया तुतीच्या लाकडाच्या पिंपातून काढून बाजूला ठेवली होती, मुलगा लष्करात जाईल त्या दिवशी फोडायची म्हणून. पुढे वडील गेले, बाटली राहिली.

"आई, ती नको. ती बाबांची."

"मग तू कुठे चाललायस? लष्करातच ना? बाबांनी त्यासाठीच ठेवलीय." देसांकाबाईंनी बूच काढलं. "चांगल्या कामाला चांगलीच वापरावी. उताणा झोप."

छाती झाली, पाठ झाली, तळपाय झाले. मोजे भिजवून झाले. एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या स्तामेनाबाई आल्या, कारण देसांकाच्या चुलीवर पातेलं नाही हे त्यांनी पाहिलं होतं. शिंकेची हकीकत ऐकून त्या म्हणाल्या की आलुबुखार छातीला चांगला, पण पाठीला बिहीच्या फळाचीच हवी, आणि पळत जाऊन आपली बाटली घेऊन आल्या. दोघींनी मिळून पाठ पुन्हा केली. मग मानेला थोडी, कानांमागे थोडी. वेलिबोर गोधड्यांखाली घामाने भिजत पडला, आणि खोलीत असा वास सुटला की भिंतीवरच्या फोटोतले आजोबासुद्धा प्रसन्न दिसायला लागले.

सकाळी पाच वाजता तो उठला तो ठणठणीत. तसा तो आदल्या दिवशीही ठणठणीतच होता, पण हे त्याने कुणाला सांगावं? त्याने स्वतःचा हात हुंगला आणि त्याला घाम फुटला. आंघोळ केलीच पाहिजे. आमच्याकडे पाणी तापवायच्या बंबाचं बटण न्हाणीघराच्या बाहेर असतं, आणि देसांकाबाईंनी ते मुद्दाम बंद करून ठेवलं होतं, कारण असल्या उपचारावर आंघोळ करणं म्हणजे सरळसरळ आत्महत्या. मग तो पाय न वाजवता आत शिरला आणि गार पाण्याचा नळ डोक्यावर सोडला. अंगाला साबण लावणार तोच दार वाजलं.

बाहेर आला तर आई टॉवेल घेऊन उभी. केस ओले. आता ओल्या केसांनी घराबाहेर पडणं याला देसांकाबाईंच्या कायद्यात झोताच्याही वरचं कलम आहे. त्यांनी टॉवेलने त्याचं डोकं खसखसून पुसलं, उरलेली राकिया तळहातावर घेतली आणि ती केसांत जिरवली. आतापर्यंत निदान डोकं तरी वाचलं होतं, तेही गेलं.

सव्वासहाच्या बसमध्ये तो शेवटच्या बाकावर बसला. दोन थांबे झाले आणि पुढच्या बाईंनी खिडकी उघडली. लगेच त्यांच्या पुढच्या आजोबांनी ती बंद केली, मानेला झोत लागतो म्हणून. बाई म्हणाल्या, वास येतोय. आजोबा म्हणाले, वासाने अजून कुणी मेलेलं नाही. सगळ्या बसने आजोबांची बाजू घेतली. शहर येईपर्यंत अर्धी बस गुणगुणायला लागली होती, आणि उतरताना एका म्हातारीने वेलिबोरच्या गालाला हात लावून विचारलं, मुलगा झाला की मुलगी. सकाळी सातला ज्याच्या अंगाला असा वास येतो त्याला मूल झालेलंच असतं, एवढं तिला कळत होतं.

लष्करी इस्पितळाच्या बाकावर एकोणीस-वीस वर्षांची पोरं बसली होती. त्यांनी त्याला "काका, या" म्हणून जागा दिली आणि तो बसल्यावर हळूहळू सरकत सगळी दुसऱ्या टोकाला गेली.

नर्स रुझित्साने त्याची उंची घेतली, वजन घेतलं, आणि लिहिता लिहिता मान वर केली. "किती घेतलीस?"

"घेतली नाही. लावली."

"कुठे लावली?"

"सगळीकडे."

रुझित्साने पेन खाली ठेवलं आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर झिवोयिन आले. पांढऱ्या मिशांचा प्रसन्न माणूस, त्या दिवशी जरा जास्तच प्रसन्न, कारण त्यांना पहाटे नात झाली होती. त्यांनी वेलिबोरभोवती एक चक्कर मारली, डोळे मिटून खोल श्वास घेतला, आणि कपाटातून फुंकायचं यंत्र आणवलं. वेलिबोरने छाती भरून फुंकलं. यंत्रावर शून्य आलं.

दुसऱ्यांदा फुंकायला लावलं. शून्य.

"बिघडलंय," रुझित्सा म्हणाली. समोर हा माणूस घमघमतोय आणि यंत्र म्हणतंय शून्य, तेव्हा दोघांपैकी एक खोटं बोलतोय, आणि नाक काही खोटं बोलत नाही. डॉक्टरांनाही ते पटलं. पण डॉक्टर पडले शास्त्राचे माणूस. ते म्हणाले, यंत्र बिघडलंय असं म्हणायचं तर ते सिद्ध करायला हवं, आणि ते सिद्ध करायला एक शुद्धीतला माणूस हवा. शुद्धीतला माणूस म्हणून त्यांनी स्वतःच फुंकलं.

यंत्राने आकडा दाखवला. चांगला ठसठशीत.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर प्याले होते की काय. छे, मुळीच नाही. नात झाली म्हणून त्यांनी घरून बाटली आणली होती आणि सकाळच्या कॉफीबरोबर सगळ्यांनी एकेक छोटा पेला घेतला होता. नात झाल्यावर न पाजणाऱ्या आजोबाला आमच्याकडे माणसात धरत नाहीत. आणि कॉफीबरोबरच्या एका पेल्याला पिणं म्हणत नाहीत. डॉक्टर तो कधीच विसरून गेले होते.

"पाहिलंस?" ते रुझित्साला म्हणाले. "साफ बिघडलंय."

खात्रीसाठी रुझित्साने फुंकलं. आकडा. क्ष-किरणवाल्याला बोलावलं, त्याने फुंकलं. आकडा, आणि तोही डॉक्टरांपेक्षा मोठा, कारण त्याने नातीसाठी दोन पेले घेतले होते. आता तर प्रकरण सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट झालं. यंत्र शुद्धीतल्याला प्यालेला म्हणत होतं आणि प्यालेल्याला शुद्धीतला. क्ष-किरणवाला म्हणाला, आतली पट्टी उलटी बसली असणार. डॉक्टर म्हणाले, मग याचं शून्य म्हणजे किती समजायचं? क्ष-किरणवाल्याने वेलिबोरकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, भयंकर.

वेलिबोर नुसत्या चड्डीवर कोपऱ्यात उभा राहून हे ऐकत होता. आज नाही म्हटलं की मंगळवार, आणि मंगळवार म्हणजे कधीच नाही. म्हणजे जन्मभर तीच फरशी, तोच फोन, तेच बनियन.

गलका ऐकून तपासणी मंडळाच्या प्रमुख कर्नल विदोसावा आत आल्या. उंच, करड्या केसांच्या, कडक बाई. त्यांना आधी वास आला, म्हणून त्यांनी खिडकी उघडली. मग दारही उघडंच ठेवायला सांगितलं. सगळी हकीकत ऐकून घेतली आणि स्वतः यंत्रात फुंकलं. आकडा पाहिला. डॉक्टरांची नात त्यांनीही साजरी केली होती.

मोठ्या पेचाचा प्रसंग होता तो. यंत्र खरं मानावं तर हा दारूच्या पिंपातून काढल्यासारखा माणूस इमारतीतला एकटाच शुद्धीतला ठरतो, आणि मंडळाच्या प्रमुखापासून क्ष-किरणवाल्यापर्यंत सगळे कामावर प्यालेले, असा अहवाल स्वतःच्या हाताने लिहावा लागतो. यंत्र खोटं मानावं तर उरतं फक्त नाक, आणि नाक म्हणतं या माणसाला घरी पाठवा. कर्नल विदोसावांनी यंत्र खणात ठेवलं, खण बंद केला आणि रुझित्साला लिहायला सांगितलं: यंत्र नादुरुस्त.

"आणि माझं?" वेलिबोरने विचारलं.

"तुझं नाकावरून," कर्नलबाई म्हणाल्या, आणि शेरा लिहायला पेन उचललं.

नेमक्या त्या वेळी देसांकाबाई दारात उभ्या राहिल्या. सातच्या बसने त्या कोरडं बनियन घेऊन निघाल्या होत्या, कारण घाईत वेल्याने दमट बनियन घातलं होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना आत कसं सोडलं हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्याच्या हातात देसांकाबाईंच्या पिशवीतल्या गिबानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्री वडीचा, गरम तुकडा होता आणि तोंड भरलेलं होतं.

देसांकाबाईंनी उघडा मुलगा पाहिला, उघडं दार पाहिलं, उघडी खिडकी पाहिली.

"खिडकी कुणी उघडली?"

एका कर्नलने, एका डॉक्टरने आणि एका नर्सने जमिनीकडे पाहिलं.

"पोरगं उघडंबोडकं उभं आहे, इकडून खिडकी, तिकडून दार. इथे माणसं तपासता की मारता?"

कर्नल विदोसावा, ज्यांच्यापुढे अख्ख्या तुकड्या चळाचळा कापायच्या, उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने खिडकी लावली. आई ती आईच, कुणाचीही असो. मग देसांकाबाईंनी वेलिबोरला बनियन चढवलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत सगळं सांगितलं. शिंक, छाती, पाठ, मोजे, स्तामेनाबाईंची बिही, सकाळचं डोकं. आत एक थेंब गेलेला नाही, तपासायचं तर माझ्या घरी येऊन बाटली मोजा, असंही म्हणाल्या.

डॉक्टर झिवोयिनांच्या कपाळावर एकेक आठी चढत गेली. ते खुर्ची ओढून बसले, वेलिबोरचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि तळव्याला नाक लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

"आलुबुखार," ते हळूच म्हणाले. "तुतीचं पिंप. सात, नाही, आठ वर्षं."

"नऊ," देसांकाबाई म्हणाल्या. "याच्या बाबांनी ठेवली होती."

डॉक्टरांनी पाय खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "नऊ वर्षांची. पायाला." मग ते वेलिबोरकडे वळले. "आणि तू त्यातला एक घोटसुद्धा घेतला नाहीस? उताणा पडला होतास, बाटली समोर होती, आणि एकही घोट नाही?"

"नाही. तपासणी होती ना."

"कर्नलबाई," डॉक्टर उभं राहून म्हणाले, "वासाचं माझं समाधान झालं. पण नऊ वर्षांची तुतीच्या पिंपातली राकिया हा माणूस पायाला लावून घेतो आणि तोंडाला लावत नाही. अशाच्या हातात बंदूक द्यायची? याचं डोकं ठिकाणावर आहे असं मी लिहून देणार नाही."

क्ष-किरणवाल्याने मान डोलावली. रुझित्सानेही. कर्नलबाईंनी शेऱ्याच्या जागी लिहिलं: मानसतज्ज्ञाकडे.

मानसतज्ज्ञ होत्या कॅप्टन स्मिल्या, वेलिबोरच्याच वयाच्या. त्यांनी आधी त्याला शाईचे डाग दाखवले. वेलिबोरला सगळ्यांत फरश्या दिसल्या. मग त्यांनी विचारलं, लष्करात का यायचंय. उत्तर पाठ होतं, त्याने खडाखडा म्हणून दाखवलं: मातृभूमीचं रक्षण, शिस्त, पूर्वजांची परंपरा. कॅप्टन स्मिल्यांनी त्यातलं एकही अक्षर लिहून घेतलं नाही.

"हे सगळेच म्हणतात. आता खरं सांग."

वेलिबोर एकदम सुटला. दुकानातला फोन सांगितला, कॉफीला आलेली मुलगी सांगितली, बंबाचं बटण सांगितलं. "मॅडम, मी वाईट मुलगा नाही," तो म्हणाला. "आई मला जिवापलीकडे आवडते. पण मला एकदा, फक्त एकदा, थंडी वाजून बघायची आहे. माझी मला."

बोलता बोलता त्याला स्वतःचीच लाज वाटली. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कॅप्टन स्मिल्यांनी उचलला, ऐकलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "हो आई," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "खाल्लं. हो, गरमच. नाही, खिडकी बंद आहे. आई, माझ्यासमोर माणूस बसलाय." त्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी शिक्का उचलला आणि अर्जावर असा आपटला की दवात हलली.

"योग्य," त्या म्हणाल्या. "पूर्णपणे योग्य. जा आणि मागे वळून बघू नकोस."

वेलिबोर बाहेर आला तो हवेत तरंगतच. सहा महिने. पलटण, पहाटेचा भोंगा, गार पाणी, आणि एकही प्राणी नाही जो विचारेल बनियन घातलंस का. देसांकाबाई मात्र बाकावर नव्हत्या. त्या सापडल्या कर्नलबाईंच्या खोलीत, समोर कॉफी, डॉक्टरांच्या नातीसाठी आणलेल्या बाटलीतला एक पेला, आणि त्यांचं काहीतरी लिखापढीचं चाललेलं. मुलगा घेतला म्हटल्यावर त्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली आणि कर्नलबाईंचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. वेलिबोरला वाटलं, आता रडते. नाही रडली.

परतीच्या बसमध्ये त्याला तिची दया यायला लागली. एवढं मोठं घर, एकटी बाई, एवढ्या बरण्या. कसं सांगावं, कसं समजवावं, याची तो मनात जुळवाजुळव करत होता. शेवटी म्हणाला, "आई, सहाच महिने आहेत. बघता बघता जातील."

"तेच तर," देसांकाबाई म्हणाल्या. "मी त्या कर्नलबाईंना म्हटलं, सहाच का?"

त्यांनी पिशवीतून एक कागद काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. पलटणीतल्या कायमच्या नोकरीचा अर्ज होता, तीन वर्षांच्या कराराचा. सहा महिने झाले की लगेच देता येतो. नाव, गाव, जन्म, सगळं देसांकाबाईंनी स्वतःच्या गोल अक्षरात भरून ठेवलं होतं. कुठल्या छावणीत जाण्याची इच्छा आहे या रकान्यात लिहिलं होतं: सगळ्यात लांबच्या.

वेलिबोरने ते दोनदा वाचलं.

"आई, हे काय?"

देसांकाबाई खिडकीबाहेर पाहायला लागल्या. त्यांचे कान लाल झाले होते. वेलिबोरने ते आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. वरच्या वाडीत रादिसाव म्हणून एक गृहस्थ आहेत. मधमाश्या पाळतात. विधुर आहेत, फार बोलत नाहीत, बाबांनासुद्धा आवडले असते. चार वर्षं झाली लग्नाचं विचारतायत. पण ते जुन्या वळणाचे, म्हणतात, घरात तुझा बाप्या मुलगा स्वयंपाकघरात बसलाय तोवर मी त्या उंबऱ्याशी बूट काढणार नाही.

"दर वर्षी तू म्हणायचास, यंदा जातो," देसांकाबाई म्हणाल्या, "आणि दर वर्षी मी रादिसावला सांगायचे, यंदा. काल तू शिंकलास ना, माझ्या काळजाचं पाणी झालं रे. म्हटलं, आता हे परत पाठवतात."

ज्या तुरुंगाच्या भिंतीला तो दहा वर्षं आतून बोगदा खणत होता, त्या भिंतीला बाहेरून कुणीतरी धक्के मारत होतं. त्याला हसू यायला हवं होतं आणि त्याला चक्क वाईट वाटत होतं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला ते घर सोडून कुठेही जाऊ नये असं वाटलं.

"माझी खोली?" त्याने विचारलं.

"रादिसाव मधाच्या बरण्या ठेवतील. तिथे हवा चांगली खेळती आहे."

त्यांनी पिशवीतून पेन काढून पुढे केलं. बस खड्ड्यातून गेली, पेन हललं, पण वेलिबोरने सही केली. मग कागद त्यांच्याकडे देता देता, लहान मुलासारखं तोंड करून म्हणाला, "आणि मी सुट्टीत घरी आलो तर चालेल ना?"

"ये की, न यायला काय झालं," देसांकाबाईंनी कागदाची नीट घडी घातली. "फक्त आधी फोन करून ये."